पिस्तुलाचं माप

"उताणं धर त्याला, हलवू नगंस," म्हणत आत्याबाईंनी गळ्यातली टेप काढली आणि नऊ एमएमच्या पिस्तुलावर लावली. "लांबी आठ इंच. जाडी दीड घे. घट्ट नगं."

हवालदार बाबालाल नदाफ दोन्ही हातांनी ते पिस्तूल धरून उभे होते. पंचवीस वर्षं शस्त्रागारात काढलेला माणूस. मोठमोठे साहेबसुद्धा त्यांना विचारल्याशिवाय तिथल्या कपाटाला हात लावत नसत. पण माझ्या सासूपुढे, आत्याबाईंपुढे, ते नव्या सदऱ्याचं माप द्यायला उभ्या केलेल्या शाळकरी पोरासारखे दिसत होते.

"मावशी, गोळ्या भरल्यावर वजन वाढतंय बरं का," ते म्हणाले.

"किती?"

"किलोभर धरा."

"किलोभर?" आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "आणि हे सगळं परकराच्या एका नाडीवर लोंबणार?"

मी एका पुठ्ठ्याच्या पाठीवर आकडे लिहीत होते. पोलीस मुख्यालयाच्या मागे टेकडीच्या पायथ्याला आमचं गोळीबाराचं मैदान होतं. तिथे गोणपाट टाकलेल्या टेबलावर चार हत्यारं मांडली होती. अडतीस बोअरचं मोठं रिव्हॉल्व्हर, हे नऊ एमएमचं पिस्तूल, बत्तीस बोअरचं चपटं पिस्तूल आणि बत्तीसचंच आखूड नळीचं रिव्हॉल्व्हर. त्यातलं एक मला साडीत लपवून न्यायचं होतं. चार दिवसांनी निघायचं होतं आणि खिसा अजून शिवायचा होता.

ही दोन हजार एक सालच्या जानेवारीतली गोष्ट. मी तेव्हा एकोणतीस वर्षांची होते, पोलीस शिपाई. तालुक्यातल्या एका गावात पाटाच्या पाण्यावरून खून झाला होता आणि तो एकाच माणसाने डोळ्यांनी पाहिला होता: अंगणवाडीच्या वत्सला खिलारेबाईंनी. कोर्टाची तारीख जवळ आली तसा त्यांना दम भरणं सुरू झालं. अंगणवाडी त्यांच्याच घरात भरायची; दारात गणवेशातला पोलीस बसवला, तर बायकांनी अंगणवाडीत पोरं पाठवणंच बंद केलं. खिलारेबाईंनी साहेबांना स्पष्ट सांगितलं, पोलीस न्या, नाहीतर मी साक्ष देत नाही. मग साहेबांनी ठरवलं की साक्ष होईपर्यंत त्यांच्या घरी एक मावसबहीण राहायला जाईल. ती मावसबहीण मी.

पुरुषाचं सोपं असतं. कमरेला पट्टा, वर ढगळ सदरा, झालं. साडी नेसणाऱ्या बाईचा सगळा संसार एका नाडीवर. पर्समध्ये हत्यार ठेवलं तर घरात शिरल्यावर पर्स खुंटीला जाते आणि आपण चुलीपुढे. आधी मीच परकराला एक खिसा शिवून पाहिला होता. पहिल्याच दिवशी तो उसवला आणि त्यात ठेवलेला वजनाचा दगड माझ्या पायावर पडला. बाहेरच्या शिंप्याला सांगायची सोय नव्हती, कारण गोष्ट कुणाला कळायची नव्हती. आणि पोलीस लाइनीतल्या निम्म्या बायकांची पोलकी शिवणारी बाई माझ्या घरातच बसलेली होती.

पण ती बाई तयार नव्हती.

माझा नवरा हिंदुराव पोलीस शिपाई होता. एका वकिलाच्या रक्षणासाठी साध्या कपड्यांत नेमलेला. भर बाजारात दोघांनी त्या वकिलावर गावठी कट्टा रोखला, हिंदुराव मध्ये पडला. वकील वाचले. तो गेला त्याला चार वर्षं झाली होती. त्याच्या जागी मला नोकरी लागली. चार वर्षं आत्याबाई माझा गणवेश स्वतः इस्त्री करत होत्या, कधी तक्रार नाही. या वेळी मात्र त्यांनी एकच वाक्य धरलं होतं, "वर्दीत कुठं बी जा. साध्या कपड्यात न्हाय."

मीही काही कमी हट्टी नव्हते. खिसा शिवा नाहीतर नका शिवू, मी जाणार, असं मी तोंडावर सांगून टाकलं होतं. दोन दिवस आमच्या घरात भांडी तेवढी बोलत होती. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "माप घ्यायला येते. शिवायचं मागनं बघू." नदाफभाऊंनी साहेबांची परवानगी काढली आणि म्हणून आत्याबाई टेप घेऊन मैदानावर आल्या होत्या.

"ह्यातलं हिंदूचं कुठलं?" त्यांनी विचारलं.

नदाफभाऊंनी अडतीसच्या रिव्हॉल्व्हरवर बोट ठेवलं. तपास संपल्यावर ते हत्यार पुन्हा शस्त्रागारात आलं होतं. आत्याबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, टेप गुंडाळली आणि त्याच्या पलीकडच्या चपट्या पिस्तुलावर लावली. अडतीसचं माप त्यांनी घेतलंच नाही.  आईचं मन, मला वाटलं.

मग नदाफभाऊंनी मला माणसाच्या आकाराच्या पुठ्ठ्यासमोर दहा मीटरवर उभं केलं. प्रत्येक हत्याराच्या पाच-पाच गोळ्या. नऊ एमएमच्या पाचही छातीत बसल्या, तळहाताखाली झाकल्या जातील इतक्या जवळ. अडतीसच्याही तशाच, एक जरा वर. बत्तीसच्या चपट्या पिस्तुलाने मला चकित केलं, पाचही मुठीएवढ्या जागेत. आणि आखूड रिव्हॉल्व्हरने माझी अब्रू काढली. एक खांद्यात, दोन पोटात, एक कानाजवळ आणि एक कुठे गेली ते टेकडीलाच माहीत.

आत्याबाई पुठ्ठ्याजवळ गेल्या, भोकं मोजून परत आल्या. "ह्या बारक्यानं शेजारचाच मरंल की गं."

"त्याची नळी आखूड आणि चाप जड," नदाफभाऊ म्हणाले. "जे लपतंय ते नीट लागत न्हाय, नीट लागतंय ते लपत न्हाय. त्यातनं आपल्याला मधलं काढायचंय."

लपवण्याची परीक्षा मात्र आत्याबाईंनी स्वतःच्या हाती घेतली. कामचलाऊ पिशवी परकराला टाचली आणि अडतीस सोडून बाकीची रिकामी हत्यारं एकेक करून तिच्यात घालायला लावली. नऊ एमएम घालून मी चार पावलं चालले आणि नाडी सरकली. मी दोन्ही हातांनी परकर धरला, नदाफभाऊंनी तोंड टेकडीकडे फिरवलं.

"बंदूक राहील, परकर जाईल," आत्याबाई म्हणाल्या. "हे काढून ठेव."

चपटं पिस्तूल असं बसलं की मलासुद्धा ते जाणवेना. आत्याबाईंनी मला खाली बसवलं, भाकरी थापायला लावलं, नसलेल्या विहिरीचं पाणी शेंदायला लावलं, नसलेल्या एसटीत चढवलं. मग वाळूचं एक लहान पोतं माझ्या हातात दिलं.

"हे काय?"

"पोर. अंगणवाडी हाय ना ती? पोरं अंगाला लोंबणार. कडेवर घे." मी पोतं डाव्या कडेवर घेतलं. त्या माझ्याभोवती फिरल्या. "तीन-चार वर्साच्या पोराचा हात कुठं पोचतो बघ. कमरेला न्हाय लावायचं ह्ये. पोरगं ओढंल, काय हाय म्हणंल. उजवीकडं, वर, बरगडीच्या खाली. पदराच्या आत."

नदाफभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत हा विचार त्यांच्या शस्त्रागारात कुणी केला नव्हता.

आम्हाला मूल नव्हतं. ते वाळूचं पोतं कडेवर घेऊन मी उभी होते आणि आत्याबाई माझा पदर सारखा करत होत्या. मला एकदम रडू आलं. ते मी शिंकेवर घालवलं.

आता हत्यार भरून, खिशातून काढून दोन गोळ्या झाडायच्या होत्या. चपट्या पिस्तुलाने तिथे दगा दिला. पहिली गोळी सुटली, दुसऱ्या वेळी पदराची किनार त्याच्या सरकत्या भागात अडकली आणि ते गप्प झालं. पुन्हा केलं, पुन्हा तसंच. नदाफभाऊंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं.

"घरातल्या घरात दुसरी संधी मिळत न्हाय, वैनी," ते म्हणाले. हिंदुराव त्यांचा दोस्त, त्यामुळे नोकरीत मी कितीही खालची असले तरी त्यांची वैनीच होते.

आखूड रिव्हॉल्व्हर काढताना त्याचा मागचा घोडा धाग्यात गुंतला. पण एकदा बाहेर आलं की चाप ओढेल तेवढ्या वेळा ते उडत होतं. आत्याबाईंनी माझा परकर उलटा करून धागे पाहिले.

"घोडा गुततोय ह्यो कापडाचा दोष हाय," त्या म्हणाल्या. "हत्याराचा न्हाय. आतनं साटिन लावलं की सरकंल. आणि तोंडाला बक्रम घातलं, कॉलरला घालत्यात तसलं, की तोंड उघडं ऱ्हाईल, हात सरळ आत."

"नेमाचं माझ्यावर सोडा," नदाफभाऊ म्हणाले. "दोन दिवस द्या मला. सात पावलांवर बशीएवढ्या जागेत आणून दावतो."

असं ते ठरलं. आत्याबाईंनी शिवायला होकार दिला का, असं मी विचारलं नाही. उगाच विचारावं आणि त्यांना आपलं वाक्य आठवावं, त्यापेक्षा गप्प बसलेलं बरं.

दोन दिवस मी त्या आखूड रिव्हॉल्व्हरशी झगडले. "चाप ओढू नका, हळूहळू दाबा, मुठीत लिंबू धरल्यागत," नदाफभाऊ मागून सांगत राहायचे. ताटाएवढा पसारा हळूहळू बशीवर आला. आत्याबाई कडेच्या निंबाखाली बसून खिसा हाताने शिवत होत्या. मशीनवर शिवलं तर शेजारणी विचारतील म्हणून सगळं हाती. दुसऱ्या दिवशी दुपारी खिसा जवळजवळ पुरा झाला. साटिनचं अस्तर, तोंडाला बक्रम, परकराला वर जोडलेल्या रुंद पट्ट्यावर, उजवीकडे बरगडीखाली. मी रिव्हॉल्व्हर आत टाकलं, काढलं, टाकलं, काढलं. पाण्यातून हात काढावा तसं ते येत होतं.

नदाफभाऊ खूश झाले आणि बोलून गेले, "मावशी, एकच करा. वरनं एक झाकण लावा, टिचबटणाचं. वाकल्यावर पडायची भीती नगं."

आत्याबाईंचा हात थांबला. त्यांनी सुई कापडात टोचली आणि परकर माझ्या हातातून ओढून घेतला.

"न्हाय. झाकण न्हाय. खिसाच न्हाय. जायचं न्हाय तू."

"आत्याबाई, आता परवा निघायचंय..."

"ऐकलंस न्हवं? न्हाय!" त्यांनी परकर गुंडाळून मांडीखाली सारला. मी त्यांच्याजवळ गेले. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, नदाफभाऊंकडेही नाही. टेबलावरच्या अडतीसच्या रिव्हॉल्व्हरकडे बघत होत्या.

"त्याच्या खिशाला झाकण म्याच लावलं हुतं," त्या म्हणाल्या. "एकदा सायकलवरनं उतरताना त्याचं हत्यार पडलं, साहेब बोलले. घरी आला, म्हणाला आई, वरनं काहीतरी लाव. म्या दोन टिचबटणं लावली. चांगली कडक. वडून बगितली, निघंनात. म्हटलं आता पडायचं न्हाय." त्यांनी तोंडावर पदर धरला. "नळावर बाया म्हणत हुत्या, हत्यार काढताच आलं न्हाय त्याला. चार वर्सं झाली, शालन. ती बटणं माझ्या बोटांत हायत अजून."

मी चार वर्षं या बाईबरोबर एका खोलीत राहिले होते. सकाळ-संध्याकाळ एका ताटलीत जेवले होते. आणि मला हे माहीत नव्हतं. ती आपल्या लेकासाठी रडते, एवढंच मला वाटायचं. मला स्वतःची फार लाज वाटली.

नदाफभाऊ टेबलापाशी गेले. त्यांनी अडतीसचं रिव्हॉल्व्हर उचललं, दोरीला चिंधी बांधली आणि साफ असलेली नळी पुन्हा साफ करायला लागले. मान खालीच होती.

"मावशी, लोक काय बी बोलत्यात," ते म्हणाले. "ते हत्यार त्या दिवशी माझ्या हातात आलं. नोंद म्या केली. तीन गोळ्या झाडलेल्या हुत्या. तीन जिवंत."

आत्याबाईंनी पदर खाली केला. "काय म्हणालास?"

"तीन झाडलेल्या. काढल्याबिगर कशा झाडंल? बटणं निघाली हुती की. बाजारात गर्दी, लोकांचा जीव, म्हणून त्यानं वर झाडल्या. लागल्या न्हाईत कुणाला. पण काढलं हुतं त्यानं."

आत्याबाईंनी त्यांच्या हातातल्या रिव्हॉल्व्हरकडे पाहिलं. मग माझ्याकडे वळल्या. त्यांनी माझं मनगट धरलं, जोरात.

"तू दवाखान्यात हुतीस. त्याचे कपडे तुझ्या हातात दिले हुते. खरं सांग. उघडा हुता खिसा?"

"उघडा होता," मी म्हणाले. "दोन्ही बटणं सुटलेली होती. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

माझं मनगट त्यांनी सोडलं नाही. त्या रडल्या, पण वेगळ्या रडल्या. चार वर्षांत असं रडताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. हिंदू, हिंदू, असं म्हणत राहिल्या. मी त्यांना पोटाशी धरलं आणि त्यांच्याबरोबर रडले. मी त्याच्यासाठी शेवटची कधी रडले होते, ते मला आठवत नव्हतं. नदाफभाऊ ती नळी साफच करत बसले होते.

थोड्या वेळाने आत्याबाईंनी डोळे पुसले, परकर मांडीवर घेतला आणि सुई शोधली.

"झाकण नगं तरी," त्या म्हणाल्या. "खोली वाढवते बोटभर. वाकलं तरी पडायचं न्हाय. आणि बटण न्हाय म्हंजे न्हाय, बाबालाल."

"नगं मावशी," नदाफभाऊ म्हणाले. "तुमचंच बरोबर."

मी त्या गावात नऊ दिवस राहिले. अंगणवाडीची पोरं दिवसभर माझ्या अंगाला लोंबकळायची, पण कुणाचा हात बरगडीपर्यंत पोचला नाही. एकदाच, सातव्या दिवशी, दोन अनोळखी माणसं दारात येऊन उभी राहिली आणि खिलारेबाई कुठायत म्हणाली. माझा हात पदराखाली गेला, मूठ लाकडी दस्त्यावर बसली. त्या क्षणी मी हिंदुरावचा विचार केला नाही, आत्याबाईंचा केला. माणसं पोराचं नाव घालायला आली होती. मी त्यांना चहा दिला आणि डाव्या हाताने दिला म्हणून त्यांना वाईट वाटलं असावं. खिलारेबाईंनी कोर्टात तीन तास साक्ष दिली, एकदाही डगमगल्या नाहीत. पुढे आरोपींना शिक्षा झाली.

मी परत आले, आधी हत्यार जमा करायला गेले. नदाफभाऊंनी रिव्हॉल्व्हर उघडलं, गोळ्या टेबलावर काढल्या, मोजल्या आणि नोंदवहीत लिहायला घेतलं.

"सहाच्या सहा जिवंत," ते म्हणाले. आणि मान वर न करता म्हणाले, "वैनी, त्या दिवशी म्या जे बोललो..."

"भाऊ, दवाखान्यात पंचनामा माझ्यासमोरच झाला होता," मी म्हणाले. "दोन्ही बटणं बंद होती. तुम्हीही त्या दिवशी सहाच्या सहा जिवंतच लिहिलं असणार."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग तुम्ही उघडा हुता का म्हणालात?"

"तुम्ही तीन झाडल्या का म्हणालात?"

त्यांनी नोंदवही माझ्यापुढे सरकवली. मी सही केली आणि घरी आले. आत्याबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मला आत घेतलं, डोक्यापासून पायापर्यंत हात फिरवला, आणि खिसा कसा चालला असं पहिलं विचारलं. लोण्यासारखा, मी म्हणाले.

आता त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. नजर कमी झाली आहे, शिवण सुटली आहे, तोंड मात्र चांगलं चालतं. नवीन शेजारीण आली की हिंदूची गोष्ट सांगतात. भर बाजारात माझ्या लेकानं हत्यार काढलं, तीन गोळ्या वर झाडल्या, लोकांना वाचवलं. काही वर्षांनी त्या तिनाच्या चार झाल्या. गेल्या दिवाळीपासून पाच आहेत, आणि पाचवी पळणाऱ्याच्या पिंढरीला चाटून जाते. बायका माझ्याकडे बघतात. इतकी वर्षं मी पोलिसात काढलेली, मला खरं माहीत असणार. मी मान डोलावते. सहाच्या पुढे मात्र जाऊ देणार नाही, कारण ते रिव्हॉल्व्हर सहाचंच होतं.